आत्याला शेवट सांगून टाकू का?

पत्र असं आलंय, थोडं कापून देतेय:

"ताई नमस्कार, प्रश्न जरा वेडगळ आहे पण दुसऱ्या कोणाला विचारलं तर हसतील. २०११ साली मी कॉलेजला होते तेव्हा आत्याने मला 'अ गेम ऑफ थ्रोन्स' हे पुस्तक दिलं. टीव्हीवाली सिरीज नाही, पुस्तक. तिचे तेव्हा चार भाग वाचून झाले होते आणि पाचवा नुकताच आला होता. मी पाचही भाग चार महिन्यात संपवले आणि तेव्हापासून आम्ही दोघी सहाव्याची वाट बघतोय. आत्या आता ७४ ची आहे. डोळ्याच्या पडद्याचा त्रास सुरू झालाय, मधलं पुसट दिसतं, कडेचं ठीक दिसतं. सिरीज तिने मुद्दाम पाहिली नाही, शेवट पुस्तकातच वाचणार म्हणून. मी पाहिली, तिला सांगितलेलं नाही. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाली, काय गं, माझ्या हयातीत येतंय का ते? मला काही बोलताच येईना. सांगून टाकू का शेवट? दुसरं म्हणजे मला त्या लेखकाचा, जॉर्ज आर. आर. मार्टिनचा, इतका राग येतो की त्याने फुटबॉलबद्दल काही लिहिलं तरी मी खाली 'पुस्तक कुठंय' असं टाकून येते. आणि तिसरं, मी आता नियमच केलाय की पूर्ण न झालेली मालिका हातात घ्यायची नाही, तर एका मैत्रिणीने नवीन लेखिकेचा पहिला भाग दिला होता तो तसाच पडलाय आणि ती रुसलीय. काय करू? – थकलेली भाची"

प्रिय थकलेल्या भाची,

वेडगळ बिडगळ काही नाहीये. मला येणाऱ्या पत्रांत सासू, बॉस आणि शेजारी यांच्या खालोखाल नंबर लागेल एवढी माणसं कसली ना कसली वाट बघत बसलेली असतात, तू निदान एका चांगल्या गोष्टीची बघतेयस.

आधी रागाचं उरकून घेते कारण ते सोपं आहे आणि त्यात मी स्वतः गुन्हेगार आहे. मी 'द व्हील ऑफ टाइम'वाली, म्हणजे रॉबर्ट जॉर्डनच्या लांबलचक फँटसी मालिकेची वाचक. पहिला भाग १९९० चा. दहावा भाग २००३ मध्ये आला तेव्हा मी अक्षरशः पुस्तक भिंतीवर मारायचं बाकी ठेवलं होतं, इतकी पानं आणि कथा इंचभर पुढे नाही, आणि मग मी ऑनलाइन जाऊन रॉबर्ट जॉर्डनबद्दल जे जे लिहिलं ते आज वाचलं तर तोंड लपवावं लागेल. मुद्दाम पानं वाढवतोय, पैसे काढतोय, वगैरे. २००६ मध्ये त्याने जाहीर केलं की त्याला हृदयाचा एक दुर्मिळ आजार झालाय आणि सप्टेंबर २००७ मध्ये तो गेला. शेवटचा भाग अर्धवट. त्याला माझी कमेंट कधी दिसली नसणारच, पण मला माहितीये ना मी काय लिहिलं होतं. तर तुला उपदेश नाही करत, एवढंच सांगते की फुटबॉलच्या पोस्टखाली 'पुस्तक कुठंय' लिहून आजवर एकही पान लवकर लिहून झालेलं नाहीये, आणि ज्या दिवशी खरंच काही वाईट बातमी येईल त्या दिवशी ती कमेंट डिलीट करायला तूच धावशील.

राग येऊच नये असं मात्र मी म्हणत नाही हां. उशीर झाला म्हणून चिडणं वेगळं आणि शब्द देऊन तो मोडला म्हणून चिडणं वेगळं. 'द नेम ऑफ द विंड' २००७ मध्ये आलं तेव्हा पॅट्रिक रॉथफस सांगत होता की तिन्ही भाग लिहून तयार आहेत, दुसरा २०११ मध्ये आला आणि तिसऱ्याची लोक अजून वाट बघतायत. ठीक आहे, लिहिलेलं आवडेनासं होतं, पुन्हा लिहावं लागतं, समजू शकते. पण २०२१ च्या शेवटी चांगल्या कामासाठी देणग्या गोळा करताना अमुक रक्कम जमली तर तिसऱ्या भागातलं एक प्रकरण देतो म्हणाला, रक्कम जमली आणि प्रकरण मात्र लोकांच्या हातात पडलंच नाही, तिथे लोक चिडले तर मी त्यांच्या बाजूने आहे. पैसे दिले होते त्यांनी. तू मार्टिनला पाच पुस्तकांचे पैसे दिलेस आणि पाच पुस्तकं घेतलीस, हिशोब तिथे पूर्ण झालाय. सहाव्याचे अजून कोणी घेतलेले नाहीत.

आणि तो बसून टिवल्याबावल्या करतोय असं जे आपल्याला वाटतं ना, ते त्याच्या आधीच्या भागांकडे बघितलं की तेवढं खरं वाटत नाही. ही मालिका सुरुवातीला तीनच भागांची होणार होती. पहिला १९९६, दुसरा १९९८, तिसरा २०००, गाडी कशी मस्त चालली होती. मग त्याने ठरवलं होतं की कथेत पाच वर्षांची उडी मारायची म्हणजे लहान पोरं जरा मोठी होतील, लिहायला बसला आणि काही पात्रांना ती उडी चालेना, म्हणून ती टाकूनच दिली आणि सगळं नव्याने. चौथा भाग इतका फुगला की त्याचे दोन तुकडे केले, आणि ते पण काळाप्रमाणे नाही तर पात्रांप्रमाणे, अर्धी मंडळी या पुस्तकात आणि अर्धी त्या. आत्याकडे २००५ ची प्रत असेल तर मागची पानं उघडून बघ, त्याने तिथे लिहिलंय की दुसरा तुकडा पुढच्या वर्षी यावा अशी आशा आहे. आला २०११ मध्ये. म्हणजे तुझी आत्या त्या एका वाक्यावर सहा वर्षं थांबलेली बाई आहे, तिला कमी लेखू नकोस.

तो स्वतः म्हणतो की लेखक दोन प्रकारचे, आर्किटेक्ट आणि माळी, आणि तो माळी. आधी नकाशा नाही, बी पेरायचं आणि काय उगवतंय ते बघायचं. गंमत अशी की त्याच पद्धतीमुळे आपल्याला ती पुस्तकं आवडली, कोण मरणार कोण जगणार काही म्हणजे काही अंदाज लागत नव्हता, कारण लिहिणाऱ्यालाच कधीकधी नव्हता. आता पाच भागांत हजारो पानं, डझनावारी लोक आपापल्या डोक्यातून गोष्ट सांगतायत, कोणी जहाजावर कोणी बर्फात, आणि या सगळ्यांना योग्य वेळी योग्य जागी आणून सोडायचंय. एकाने दोन दिवस उशिरा पोचायचं ठरवलं की दहा प्रकरणं फाडून परत. जानेवारी २०१६ मध्ये त्याने स्वतःच लिहून टाकलं होतं की प्रकाशकाने दिलेल्या मुदती चुकल्या, पुस्तक झालेलं नाही, आणि ते लिहिताना त्याला काही मजा येत नव्हती हे वाचताना कळतं. २०२२ मध्ये म्हणाला साधारण तीन चतुर्थांश झालंय. त्यानंतर मी आकडे मोजणं सोडून दिलं, तूही सोड.

बरं आता आत्या.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि दर वेळी 'तिला सांगितलेलं नाही' इथे अडखळले. तुझा खरा त्रास तिथे आहे असं मला वाटतं. तुझ्याकडे एक शेवट आहे, तिच्याकडे नाही, आणि इतकी वर्षं दोघी जे बरोबरीने करत होतात त्यात तू गुपचूप पुढे जाऊन परत आलीस आणि काही झालंच नाही असं दाखवत शेजारी बसलीस. म्हणून तोंडातून शब्द फुटत नाहीये. तर पहिलं काम ते कर. फोन लाव आणि सांग, आत्या मी सिरीज पाहिली. शेवट सांगू नकोस, फक्त पाहिली एवढंच. ती चिडेल किंवा हसेल, माझा अंदाज की म्हणेल मला माहीत होतं गं, कारण २०१९ मध्ये सिरीज संपल्यावर तू अचानक अंदाज बांधायची बंद झाली असशील आणि अशी माणसं ते बरोबर टिपतात.

मग तिलाच विचार की तुला ऐकायचंय का. तू ठरवू नकोस. ७४ वर्षांची बाई आहे, पाच जाडजूड ठोकळे वाचलेत तिने, तिला काय झेपतं ते तिला कळतं. आजारी किंवा म्हाताऱ्या माणसांसाठी आपण 'बिचारीला त्रास नको' म्हणून परस्पर निर्णय घेतो ना, त्याची मला भयंकर चीड आहे, पण तो विषय वेगळा.

विचारताना एक गोष्ट मात्र आधी नीट समजावून सांग, की तुझ्याकडे आहे तो सिरीजचा शेवट, पुस्तकाचा नाही. काही मोठे धक्के लेखकाने सिरीजवाल्यांना सांगितले होते ते खरं, पण पुस्तकात असलेली काही मोठी पात्रं सिरीजमध्ये आलीच नाहीत (आत्या त्यांची नावं पटापट सांगेल), आणि लेखकाने पण स्पष्ट लिहिलंय की पुस्तक जसजसं लिहितोय तसतसं ते सिरीजपासून लांब चाललंय. म्हणजे तू तिला जे सांगशील ते जेवायला बोलवून भांड्यांचा आवाज ऐकवल्यासारखं आहे. तिला तेवढ्यावर समाधान असेल तर खुशाल सांग, नसेल तर गप्प बस आणि पुन्हा विषय काढू नकोस.

'माझ्या हयातीत येतंय का' याला काय उत्तर द्यायचं? खरं तेच. मला माहीत नाही, असं. स्टीफन किंगला याहून वाईट प्रश्न आला होता. त्याच्या 'द डार्क टॉवर'चा चौथा भाग १९९७ ला आला आणि मग बरीच वर्षं काहीच नाही, त्या काळात त्याला एका म्हाताऱ्या बाईचं पत्र आलं की मला कॅन्सर आहे, फार दिवस नाहीत, मला शेवट सांगाल का, मी कोणाला सांगणार नाही. आणि एक पत्र फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याचं, त्याचंही हेच. किंगने नंतर लिहिलंय की दोघांनाही सांगितलं असतं, पण त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं काय होणार ते, लिहिल्याशिवाय कळणारच नव्हतं. पुढे १९९९ मध्ये त्याला एका गाडीने उडवलं, मरता मरता वाचला, आणि मग राहिलेले तीन भाग २००३ आणि २००४ मध्ये धडाधड संपवले. शेवटच्या भागात तर अगदी शेवट येण्याआधी तो थांबून वाचकाला चक्क सांगतो की बाबा इथेच थांब, पुढे जाऊ नकोस, शेवट कळून तुला वाटतंय तसं काही मिळणार नाही. अर्थात कोणी थांबत नाही. मी पण नाही थांबले. पण आत्याला हा किस्सा सांगच, तिला आवडेल.

आणि लेखक गेला म्हणजे सगळं संपलं असंही नसतं हे तुला सांगायचं होतं, कारण तुझ्या पत्रात तो एक न लिहिलेला प्रश्न दिसतोय. जॉर्डन गेला तेव्हा मी म्हटलं झालं, आता कायमचं लटकलं. पण त्याने ढीगभर टिपणं ठेवली होती, शेवटचा प्रसंग लिहून ठेवला होता, आणि त्याची बायको हॅरिएट मॅकडूगल हीच त्याची संपादक, तिने ब्रँडन सँडरसन नावाच्या तरुण लेखकाला विचारलं जो शाळेत असल्यापासून ही पुस्तकं वाचत होता. एक भाग होणार होता त्याचे तीन झाले आणि जानेवारी २०१३ मध्ये संपलं. जॉर्डनचा हात तो नव्हे हे कळतं, विनोद वेगळे आहेत, एकदोन पात्रं जरा वेगळीच बोलायला लागतात, पण शेवटच्या पानाला मी रडले आणि रडताना कोणी लिहिलंय हे डोक्यात नव्हतं. आपल्याकडे तर 'चंद्रकांता'वाले देवकीनंदन खत्री १९१३ मध्ये गेले तेव्हा त्यांचं 'भूतनाथ' अर्धवटच होतं, ते मुलाने, दुर्गाप्रसादने पुरं केलं.

पण माझं सगळ्यात लाडकं उदाहरण त्याच्याही कितीतरी आधीचं आहे. आपण मराठीत ज्याला कादंबरी म्हणतो ना, तो शब्दच मुळात एका पुस्तकाचं नाव आहे, बाणभट्टाची 'कादंबरी', सातवं शतक. पोपट गोष्ट सांगतोय, गोष्टीत गोष्ट, चंद्र खाली येऊन माणसाचा जन्म घेतोय, एकेकाचे दोन-दोन तीन-तीन जन्म, म्हणजे आजच्या भाषेत फँटसीच झाली की. आणि बाण ती अर्धवट टाकून गेला. पुढचा भाग त्याच्या मुलाने लिहिला आणि सुरुवातीलाच सांगून टाकलं की वडील गेले, त्यांच्या शब्दाबरोबर कथाही तुटली, ती अपुरी राहिल्याचं चांगल्या लोकांना झालेलं दुःख बघवेना म्हणून मी हे हातात घेतलंय, कवी असल्याचा गर्व म्हणून नव्हे. विचार कर, तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी पण तुझी आत्या होतीच कुठेतरी, पुढचं कधी येणार म्हणून विचारणारी. आणि आपण रोज ज्या शब्दाने पुस्तकाला हाक मारतो तो अपुऱ्या राहिलेल्या पुस्तकाचा आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस मी भेटेल त्याला सांगत सुटले होते.

आता डोळ्यांचं. यावर तू दोन ओळी लिहिल्यास पण मला विचारशील तर सगळ्यात घाईचं हेच आहे, सहावा भाग नाही. मधलं पुसट दिसायला लागलं की छापील पुस्तक त्रासाचं होतं, त्यातून ही पुस्तकं वजनाला विटेसारखी आणि अक्षर बारीक. डोळ्यांचे डॉक्टर काय सांगतायत ते तर बघाच, पण वाचनापुरतं म्हणशील तर ई-रीडर किंवा टॅबवर अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येतं, पानात चारच ओळी मावल्या तरी चालेल, आणि उजेड-अंधार पण जमवता येतो. ते नाही जमलं तर ऑडिओबुक. या मालिकेचे पाचही भाग रॉय डोट्रिस नावाच्या म्हाताऱ्या नटाच्या आवाजात आहेत, पहिल्या भागात त्याने २२४ पात्रांना वेगवेगळे आवाज दिलेत आणि त्याचा रेकॉर्ड झाला होता. काही आवाज अगदीच विचित्र आहेत, एक तरुण मुलगी मध्येच आजीसारखी बोलते, आत्या त्यावर तासभर तक्रार करेल, तीच तर मजा.

ऐकायची सवय आत्ताच लावा, कारण उद्या सहावा आला तर तो हजार पानांच्या वर जाणार आणि तेव्हा शिकायला बसलात तर चिडचिड होईल. सुरुवात मोठ्या भागांनी नका करू. डंक आणि एगच्या तीन गोष्टी आहेत, त्याच जगातल्या पण जवळजवळ शंभर वर्षं आधीच्या, २०१५ मध्ये एकत्र पुस्तकात आल्या, प्रत्येक गोष्ट आपल्याआपली संपते. संपते! हा शब्द तुम्हा दोघींना किती गोड लागेल. त्याचंच 'फायर अँड ब्लड' मात्र सांभाळून, ते २०१८ चं आणि ते पण दोन भागांतलं पहिलंच आहे, दुसरा यायचाय, उगाच अजून एक वाट बघणं डोक्यावर घेऊ नका.

मैत्रिणीच्या पुस्तकाचं सांगते आणि थांबते. तुझा नियम मला कळतो, दुधाने तोंड पोळलंय. पण तू फुंकून पीत नाहीयेस, ताक प्यायचंच बंद केलंयस. आणि शिक्षा भलत्याच माणसाला होतेय. ज्याचा राग आहे त्याची पुस्तकं जगभर खपतात, त्याला तुझ्या नियमाने काही फरक पडत नाही. नवीन लेखिकेचं गणित वेगळं असतं, पहिला भाग पडून राहिला तर प्रकाशक दुसऱ्यावर पैसे घालायला कचरतो, तिसरा तर कित्येकदा होतच नाही, आणि मग आपण म्हणतो बघा मी म्हटलं नव्हतं का की अर्धवट राहणार. सगळ्यांनीच पूर्ण झाल्यावर वाचू म्हटलं तर पूर्ण होणार कशी? आणि सगळे लेखक माळी नसतात. तोच सँडरसन बघ, स्वतःच्या 'स्टॉर्मलाइट'चे पाच भाग त्याने २०१० ते २०२४ मध्ये दिले, दर तीन-चार वर्षांनी एक, मध्ये करोनाच्या काळात वेळ मिळाला म्हणून कोणाला न सांगता चार वेगळ्या कादंबऱ्या लिहून बसला, आणि कुठलं काम किती टक्के झालं याच्या पट्ट्या त्याच्या वेबसाइटवर असतात, एखाद्या डाऊनलोडसारख्या. (तरी त्याचीही मालिका दहाची आहे, म्हणजे अर्धीच झालीय. पण वाट बघताना पोटात गोळा येत नाही एवढं खरं.)

तर नियम ठेवायचाच असेल तर थोडा बदल. सुरू करण्याआधी मैत्रिणीला एवढंच विचार की पहिला भाग कुठेतरी येऊन टेकतो का, की कड्यावर लटकवून सोडतो. टेकत असेल तर उचल. लटकवत असेल तर दुसरा येईपर्यंत थांब हवं तर, पण मग तिला तसं सांग, 'मी असलं वाचत नाही' म्हणून तोंड फिरवू नकोस. तुझ्या आत्याने २०११ मध्ये तुला अर्धवट मालिकाच दिली होती, माहीत असून दिली होती, आणि तुम्ही फोनवर दुसरं काय बोलला असतात गं इतकी वर्षं?

एक शेवटचं काम. आत्याला शेवट ऐकायचा असो वा नसो, त्याआधी तिला विचार की तिच्या मते काय होणार. कोण बसणार गादीवर, कोण मरणार, सगळं. फोनवर रेकॉर्ड कर, मध्ये बोलू नकोस, सिरीज पाहिलेल्या माणसासारखं 'हं हं' पण करू नकोस. आणि मला कळव काय म्हणाली ते, कारण त्या बर्फातल्या पोराबद्दल माझाही एक अंदाज आहे २००५ पासूनचा, अजून कोणाशी जुळलेला नाही.

– तुझी ताई